परीक्षा सोडताना: चार दिवस, वीस मिनिटं

लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेची वयोमर्यादा खुल्या प्रवर्गाला ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. म्हणजे परीक्षा आपणहून तुम्हाला सोडत नाही, तुम्हालाच तिला सोडावं लागतं. पुण्याच्या सदाशिव पेठेतली खोली रिकामी करायला एक दुपार पुरते. डोकं रिकामं व्हायला वेळ लागतो. पाच वर्षांचा हिशेब, घरून आलेले पैसे, निवड होऊन पोस्ट निघालेला रूममेट, दोन गुणांनी हुकलेली मुख्य परीक्षा, सगळं रोज रात्री पुन्हा सुरू होतं आणि त्या गलक्यात पुढचं काहीच ठरत नाही.

हे आवरायची एक साधी रीत आहे. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, मनावर ओझं असलेल्या घटनेबद्दल लिहायला सांगितलं होतं. ज्यांनी घटना आणि भावना दोन्ही लिहिल्या, ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. १९९४ साली प्रसिद्ध झालेला दुसरा प्रयोग आपल्या विषयाच्या अधिक जवळचा आहे. त्यात नोकरी गेलेल्या इंजिनिअरांनी पाच दिवस रोज वीस मिनिटं नोकरी जाण्याबद्दल लिहिलं, आणि त्यांना इतरांपेक्षा लवकर नोकरी मिळाली. त्यांनी अर्ज जास्त केले होते असंही नाही. त्यानंतर असे शेकडो प्रयोग झाले आणि परिणाम सरासरीने लहानच दिसला. पण खर्च एका वहीचा आहे, तेव्हा करून पाहायला हरकत नाही.

निकालाच्या दुसऱ्या दिवशी मात्र लिहायला बसू नका. ताज्या जखमेवर लिहिणं म्हणजे खपली खरवडणं. तीन-चार आठवडे जाऊ द्या. झोप आणि जेवण थोडं रुळावर आलं की सुरुवात करा. घरात नुकताच मृत्यू झाला असेल किंवा जीव नकोसा वाटत असेल, तर ही रीत तुमच्यासाठी नाही. मानसिक आरोग्यासाठीच्या टेली-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर फोन करा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

साहित्य फार लागत नाही: शंभर पानी वही, चालणारं पेन आणि गजर. जागेची अडचण खरी. कॉट बेसिसच्या खोलीत चौघांसमोर असलं काही लिहिता येत नाही. अभ्यासिकेतला तुमचा नेहमीचा टेबलही नको, तिथे हात आपोआप नोट्स काढायला लागतो. गच्ची, बागेतला बाक किंवा दुपारी रिकामी असलेली मेस चालेल. वेळ संध्याकाळची ठेवा. लिहून झाल्यावर तास-दोन तास जड वाटतं, वाईट सिनेमा पाहून आल्यासारखं. ते नेहमीचं आहे. म्हणून झोपण्याच्या तोंडावर लिहू नका. नंतर चालून या, मग जेवा.

पहिल्या दिवशी काय घडलं ते लिहा आणि प्रत्येक घटनेला त्या वेळचं मन जोडा. 'मुख्यचा निकाल लागला' एवढ्याने भागणार नाही. यादी उघडताना हात कुठे थांबला, पहिला फोन कोणाला केला, कोणाला टाळला, हे यायला हवं. वीस मिनिटं पेन उचलायचं नाही. सुचेनासं झालं तर शेवटचंच वाक्य पुन्हा लिहा.

दुसऱ्या दिवशी त्याच घटनेचे धागे बाकीच्या आयुष्यात कुठवर गेलेत ते पाहा. पैसे, बहिणीचं पुढे ढकललेलं लग्न, मोडलेलं नातं, गावात 'साहेब' म्हणून आधीच पडलेली हाक. बहुतेकांना खरी बोच इथे सापडते, आणि ती परीक्षेची क्वचितच असते.

तिसऱ्या दिवशी खुर्ची बदला. हीच गोष्ट वडिलांच्या जागी बसून लिहा, मग पोस्ट निघालेल्या मित्राच्या. 'मी' कमी होऊन 'तो', 'ती', 'आम्ही' आले पाहिजेत. लिहिणाऱ्यांच्या शब्दांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की दिवसागणिक ज्यांची सर्वनामं बदलत गेली आणि कारण सांगणारे शब्द वाढत गेले, त्यांना लेखनाचा फायदा जास्त झाला.

चौथा दिवस सांधण्याचा. 'कारण', 'म्हणून', 'त्यामुळे', 'आता कळतं' हे शब्द मुद्दाम वापरा. कशामुळे काय झालं, यातलं काय माझ्या हातात होतं, काय नव्हतं आणि सोबत काय घेऊन निघतोय, अशी एक सलग गोष्ट व्हायला हवी. ती गोड असण्याची गरज नाही, फक्त अर्धवट राहू नये.

यात काय बिघडतं तेही सांगायला हवं. स्पर्धा परीक्षेच्या मुलामुलींचा हात मुख्यच्या उत्तरासारखा चालतो: प्रस्तावना, सहा मुद्दे, अधोरेखित शब्द, समारोप. असं दिसलं की पान उलटा आणि घरी ज्या बोलीत भांडता त्या बोलीत लिहा. अहिराणी असो, वऱ्हाडी असो, शुद्धलेखन कोणी तपासणार नाही. दुसरा बिघाड उगाळण्याचा. चारही दिवस 'आयोगाने असं केलं, नशीबच फुटकं' हेच येत असेल तर लेखन काम करत नाहीये, फक्त घाव खोल होतोय. अशा वेळी तिसऱ्या दिवसाची खुर्ची आधी घ्या. तिसरा बिघाड अति करण्याचा. बरं वाटलं म्हणून महिनाभर रोज लिहिणारे पुन्हा त्याच विहिरीत उतरतात. ही डायरी नव्हे. चार, फार तर पाच दिवस, आणि वही बंद. एखादा विषय लिहिताना तोल जाईल असं वाटलं तर तो तिथेच सोडा, दुसरा घ्या. त्यासाठी स्वतःशी हुज्जत नको.

लिहिलेलं कोणाला दाखवू नका, फोटो काढून ग्रुपवर तर नकोच. कोणी वाचणार आहे हे कळताच हात खोटं लिहितो. पहिल्या तीन दिवसांची पानं फाडून टाकली तरी चालेल. चौथ्या दिवसाचं पान जपून ठेवा.

मग आठवडाभर काही करू नका, आणि त्यानंतर घरी सांगा. हे काम बहुतेक जण इतकं लांबवतात की बातमी दुसऱ्याच कोणाकडून पोहोचते. तीन वाक्यं पुरतात: 'अप्पा, मी पुढचा फॉर्म भरणार नाही. खोली महिनाअखेर सोडतोय. पुढचं रविवारी घरी येऊन बोलतो.' फोनवर कारणं देत बसू नका, कारणांवर वाद होतो. मुलींच्या घरी याच फोनमध्ये लग्नाचा विषय निघतो, म्हणून चौथं वाक्य मुदतीसह तयार ठेवा: 'डिसेंबरपर्यंत मी नोकरी बघणार आहे, तोवर स्थळ नको.'

पुढच्या कामासाठी 'आता जोमाने लागायचं' असला निश्चय कुचकामी आहे. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलेली 'जर-तर'ची पद्धत जास्त टिकते. वेळ, जागा आणि कृती एकाच वाक्यात बांधा. 'सकाळचा चहा झाला की तिथेच बसून एक अर्ज पाठवीन.' 'लग्नात काकांनी निकालाचं विचारलं, तर एवढंच म्हणेन की परीक्षा थांबवली, आता नोकरी बघतोय, आणि पंगतीकडे वळेन.' अशी दोनच वाक्यं घ्या. दहा घेतली की एकही होत नाही. सवय एकवीस दिवसांत लागते ही आपली ऐकीव गोष्ट. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० साली छापून आलेल्या पाहणीत सरासरी ६६ दिवस लागले, कोणाला १८ तर कोणाला २५४ लागतील असं दिसलं. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही, तेव्हा एका खाड्यावरून सगळं मोडीत काढू नका.

एक 'जर-तर' मात्र आत्ताच लिहून ठेवा, कारण पुढची जाहिरात कधीतरी येईलच. तेव्हा टेलिग्राम ग्रुप पेटतील, जुना मित्र 'भरून तर ठेव' म्हणेल. 'जाहिरात आली, तर दोन दिवस फॉर्मला हात लावणार नाही, आणि तिसऱ्या दिवशी आधी चौथ्या दिवसाचं पान वाचीन.' हे वाक्य त्याच पानाच्या मागे लिहा.