खाऱ्या पाण्याची पहिली टाकी : मासा आणण्याआधीचे काम

पहिली टाकी दीडशे ते दोनशे लिटरची घ्यावी. लहान टाकी सांभाळायला सोपी असते, हा सल्ला दुकानात हमखास मिळतो. प्रत्यक्षात पाणी जितके कमी, तितके ते लवकर बिघडते. भरलेल्या टाकीचे वजन दोनशे किलोंच्या आसपास किंवा पुढेच जाते, तेव्हा स्टँड भक्कम हवा.

पाणी नळाचे नको आणि चौपाटीवरून भरून आणलेले तर नकोच. आरओ यंत्राने गाळलेले घ्यावे. घरगुती आरओ यंत्रांपैकी अनेकांत चवीसाठी थोडे कच्चे पाणी मिसळण्याची सोय असते, म्हणून पुढे डीआय कार्ट्रिज (उरलेले क्षार शोषून घेणारी नळी) जोडून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण, शून्यावर आणावा. त्या पाण्यात सागरी टाकीसाठी मिळणारे मीठ लिटरमागे ३५ ते ३८ ग्रॅम टाकून रात्रभर ढवळत ठेवावे. रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर, घनता १.०२५ दिसली की पाणी टाकीत घ्यावे. दगड सच्छिद्र सिरॅमिकचा घ्यावा. समुद्रातून काढलेला प्रवाळ कोणी देऊ केला तर सरळ नकार द्यावा, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळाला संरक्षण दिलेले आहे. हीटर, फिल्टर आणि प्रवाहासाठी वेव्हमेकर लावला की मांडणी संपली.

खरे काम येथून सुरू होते. माशाची विष्ठा आणि उरलेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसऱ्या प्रकारचे जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि हे दोन्ही दगडावर व फिल्टरमध्ये पुरेसे वाढेपर्यंत टाकी माशाला राहण्याजोगी नसते. समुद्री पाण्याचा सामू (पीएच) ८.१ ते ८.४ असल्यामुळे तेथे अमोनिया गोड्या पाण्यापेक्षा अधिक घातक ठरतो.

‘टाकी महिनाभर नुसती चालू ठेवा’ हा या विषयातला सर्वांत वाईट सल्ला आहे, आणि तो मी स्वतः तंतोतंत पाळला होता. सहा आठवडे फिल्टर फिरत होता, दर रविवारी मी अमोनिया मोजत होतो, तो दर वेळी शून्य येत होता आणि मी खूश होत होतो. दोन मासे सोडले आणि तिसऱ्या दिवशी दोन्ही गेले. अमोनियाचे शून्य दोन कारणांनी येते: जिवाणूंनी तो संपवला म्हणून, किंवा तो मुळात पाण्यात कधी आलाच नव्हता म्हणून. माझे शून्य दुसऱ्या जातीचे होते. जिवाणूंना खायलाच काही दिले नव्हते, तर ते वाढणार कशावर?

म्हणून अमोनिया मुद्दाम घालावा लागतो. अमोनियम क्लोराइड, म्हणजे आपला नवसागर, शंभर लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम टाकला की पातळी २ पीपीएमच्या (लिटरमागे सुमारे २ मिलिग्रॅम) जवळ येते. कल्हईवाल्याकडचा नवसागर मात्र चालणार नाही, त्यात काय मिसळलेले असेल याचा भरवसा नसतो. प्रयोगशाळेच्या दर्जाचाच घ्यावा. बाटलीबंद जिवाणूही सोबत घालावेत, पण बाटलीवरच्या ‘आजच मासे सोडा’ या आश्वासनावर विश्वास ठेवू नये. पाणी २७ ते २८ अंशांवर ठेवावे आणि शेवाळ माजू नये म्हणून दिवे बंद ठेवावेत. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढते आणि कित्येक दिवस हलत नाही; येथे घाबरून पाणी बदलणारे, किंवा अमोनियाचा डोस वाढवत नेणारे, स्वतःचेच काम लांबवतात.

परीक्षा एकच: पुन्हा २ पीपीएम अमोनिया घालावा आणि चोवीस तासांनी अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्य आले, तरच टाकी तयार समजावी. याला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात. कॅलेंडर पाहून ठरवू नये.

त्यानंतर साठलेले नायट्रेट कमी करण्यासाठी निम्मे पाणी बदलावे, तापमान २५ ते २६ अंशांवर आणावे आणि ऑसेलॅरिस जातीच्या क्लाउनफिशची एक जोडी सोडावी, तीही पैदास केंद्रातली. भारतात केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने क्लाउनफिशची पैदास यशस्वी केलेली आहे. पुढचा मासा दोन-तीन आठवड्यांनी.

टाकीतले पाणी रोज थोडे उडते, मीठ मात्र मागेच राहते. तेव्हा पहिल्याच दिवशी काचेवर पातळीची खूण करावी आणि तूट नेहमी बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याने भरावी.