एक रेडिओ, तीन ठिकाणं: काय काय जमवावं

हॅम म्हणजे हौशी रेडिओसाठी घरचं, गाडीतलं आणि पाठपिशवीतलं अशा तीन स्टेशनांची यादी करायला बसलं की पहिल्या ओळीत हटकून ट्रान्सीव्हरचं, म्हणजे पाठवणाऱ्या-ऐकणाऱ्या संचाचं, मॉडेल येतं. ती ओळ तूर्त कोरी ठेवा. आधी विजेचा कनेक्टर ठरवा, आणि तिन्हीकडे तोच लावा. बरेच हॅम अँडरसन पॉवरपोल वापरतात, कारण त्यात नर-मादी असा प्रकार नसतो आणि १५, ३० व ४५ अँपिअरच्या पिना एकाच मापाच्या खोक्यात बसतात. लाल-काळी जोडी तिन्हीकडे एकाच पद्धतीने जुळवली की पोलॅरिटी उलटी होण्याची धास्ती जाते. सप्लायचं, गाडीच्या वायरचं आणि सुट्या बॅटरीचं टोक सारखं असलं की एकच रेडिओ तिन्हीकडे चालतो. वाचलेले पैसे अँटेना आणि केबलवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

घरापासून सुरुवात करू. १०० वॉटचा एचएफ (३ ते ३० मेगाहर्ट्झचा) संच ट्रान्समिटला २० ते २२ अँपिअर ओढतो, म्हणून सप्लाय १३.८ व्होल्टचा आणि ३० अँपिअरचा घ्यावा. स्विचिंग प्रकारचा घेणार असाल तर रेडिओ आधी बॅटरीवर लावून बँड ऐका, मग सप्लायवर लावून ऐका. दुसऱ्या वेळी खरखर वाढली तर तो सप्लाय परत करावा.

केबल मात्र बँड पाहून घ्या. आरजी-५८ या बारीक केबलची ३० मीटर लांबी १४५ मेगाहर्ट्झला सुमारे ६ डेसिबल खाते, म्हणजे रेडिओतून ५० वॉट निघाले तरी अँटेनापाशी साडेबारा पोचतात. आरजी-२१३ ही जाड केबल असेल तर त्याच लांबीत २७ च्या आसपास पोचतात. हीच बारीक केबल ७ मेगाहर्ट्झला मात्र एक-सव्वा डेसिबलच खाते, तेव्हा नुसत्या एचएफ डायपोलसाठी (मधोमध केबल जोडलेल्या तारेच्या अँटेनासाठी) जाड केबलचा हट्ट नको. डायपोलसाठी १४३ ला मेगाहर्ट्झने भागलं की मीटरमध्ये लांबी मिळते. ७.१ ला ती २० मीटरच्या जरा वर येते. अर्धा मीटर जास्त कापून ताणा आणि मग एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून पॉवर किती परत फिरते त्याचं माप) बघत दोन्ही टोकांकडून सारखंच कमी करा. मधल्या जोडावर कॉमन मोड चोक (केबलच्या बाहेरून वाहणारा प्रवाह अडवणारं वेटोळं) लावला नाही तर केबलची बाहेरची जाळीच अँटेना होते आणि घरातल्या उपकरणांची खरखर थेट रिसीव्हरमध्ये येते.

घराबाहेरचा प्रत्येक कनेक्टर रबरी सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने गुंडाळायचा, नुसत्या काळ्या इन्सुलेशन टेपवर भागवायचं नाही. केबल घरात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या, म्हणजे पाणी तिथूनच गळून जाईल. लाइटनिंग अरेस्टर (विजेचा झटका जमिनीकडे वळवणारा) आणि अर्थ रॉड हवेतच, पण तो रॉड घराच्या अर्थिंगशी जाड तांब्याने जोडलेला हवा. तरीही ढग जमू लागले की केबल काढून घराबाहेर ठेवणं हेच खरं. ५० ओहमचा डमी लोडही (चाचणीला अँटेनाऐवजी लावायचा रोध) यादीत लिहा.

गाडीची यादी आखूड आहे. वायर थेट बॅटरीपासून ओढायची, कारण सिगारेट लायटरच्या सॉकेटचा फ्यूज बहुधा १० ते १५ अँपिअरचा असतो आणि ५० वॉटचा व्हीएचएफ (३० ते ३०० मेगाहर्ट्झचा) संच त्या मर्यादेला टेकतो. १०० वॉटच्या एचएफचं तर तिथे नावच काढू नका. फ्यूज बॅटरीच्या टोकाला हवा, रेडिओपाशी लावून उपयोग नाही, कारण पत्र्याच्या भोकात वायर घासून शॉर्ट झाली तर मधला सगळा भाग फ्यूजच्या संरक्षणाविना राहतो. जाडीचा हिशेब असा: अडीच स्क्वेअर एमएमची वायर ५ मीटर नेली की जाऊन-येऊन १० मीटर झाली. २० अँपिअरला तिच्यातच दीड व्होल्ट पडतो. चार स्क्वेअरला हीच घट एका व्होल्टच्या आत येते. अँटेना शक्यतो टपाच्या मधोमध. १४५ मेगाहर्ट्झची पाव-तरंगलांबीची काडी जेमतेम ४९ सेंटीमीटरची असते, तिला खालचा पत्रा लागतोच. रेडिओचा डिस्प्ले एअरबॅग उघडण्याच्या वाटेत नको.

पाठपिशवीत वजनाचा प्रश्न येतो, म्हणून बॅटरी हिशेबाने घ्या. ५ वॉटचा संच ऐकताना ०.४ आणि पाठवताना १.६ अँपिअर घेत असेल आणि तुम्ही पाव वेळ बोलत असाल, तर सरासरी ०.७ पडते. चार तासांना तीन अँपिअर-तासही लागत नाहीत, तेव्हा साडेचारची बॅटरी पुष्कळ झाली. चार सेलची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. चार्जिंगला ती १४.६ व्होल्टपर्यंत जाते, आणि काही किटच्या छोट्या रेडिओंना एवढं सोसत नाही. शिवाय तिचं व्होल्टेज शेवटपर्यंत जवळपास सपाट राहून एकदम कोसळतं, त्यामुळे किती उरली ते व्होल्टमीटरवरून कळत नाही. अँपिअर-तास मोजणारा छोटा मीटर मधे लावा.

अँटेना म्हणून २० मीटर तार आणि तार केबलशी जुळवणारा ४९:१ चा ट्रान्सफॉर्मर घेतला की ४०, २०, १५ आणि १० मीटरचे बँड मिळतात. तार चढवायला बारीक पण न गुंतणारी दोरी आणि फेकायचं वजन घ्या. खांब न्यायचा तर फायबरग्लासचा, कार्बनचा वीजवाहक असतो. फेकण्याआधी मान वर करून विजेच्या तारा कुठून जातात ते पाहा. एफटी८ (संगणकाने छोटे संदेश पाठवायची डिजिटल पद्धत) करणार असाल तर लॅपटॉपचं घड्याळ जीपीएसवर लावायची सोय हवी, कारण १५ सेकंदांच्या पाळ्या असतात आणि एक-दोन सेकंदांहून जास्त फरक पडला तर समोरच्याला काही उमगत नाही. त्यात पाठवणं जवळजवळ तेरा सेकंद सलग चालतं, म्हणून पॉवर निम्म्यावर आणावी.

रेडिओ एक असला तरी किरकोळ वस्तू प्रत्येक ठिकाणच्या वेगळ्या घ्या: बीएनसी ते एसओ-२३९ (अँटेना-केबलचे दोन प्रकारचे कनेक्टर) अडॅप्टर, सुटे फ्यूज, इयरफोन, परवान्याची प्रत, पेन्सिल आणि यूटीसी (जागतिक प्रमाण) वेळेचे रकाने आखलेली लॉगवही. घरच्या खणातून अडॅप्टर उसना नेला की तो परत येत नाही. पिशवी भरल्यावर तिच्यातल्याच वस्तू वापरून घराच्या अंगणात एक पूर्ण संपर्क करून बघा. जे आणायला आत जावं लागेल, ते त्याच दिवशी पिशवीसाठी आणखी एक घ्या.