स्क्रीन मध्येच काळी होते? नवीन ग्राफिक कार्ड घ्यायच्या आधी हे तपासा

पीसी चालू असतो, गेम असो नाहीतर साधं एक्सेल, आणि अचानक स्क्रीन काळी. कधी दोन सेकंदांत परत येते, कधी येतच नाही. अशा वेळी दहातले नऊ जण एकच सांगतात, कार्ड गेलं, नवीन घे. थांबा जरा. स्क्रीन गेल्यावर बाकी काय काय चालू राहतं ते आधी बघा, कारण निम्मा उलगडा तिथेच होतो आणि त्याला एक रुपया लागत नाही.

मागे एखादं गाणं लावून ठेवा, पण हेडफोन किंवा स्पीकर पीसीला लावा, मॉनिटरच्या स्पीकरवर नको, कारण चित्र गेलं की तो आवाजही जातो आणि मग काहीच कळत नाही. स्क्रीन काळी झाली की कीबोर्डचं कॅप्स लॉक दाबा. गाणं चालू आहे आणि कॅप्स लॉकचा लाइट पेटतोय-विझतोय, म्हणजे पीसी जिवंत आहे, फक्त चित्र पोचत नाहीये, तर संशय केबल, मॉनिटर, ड्रायव्हर (विंडोजकडून कार्ड चालवून घेणारं सॉफ्टवेअर) नाहीतर कार्डवर. लगेच विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी एकत्र दाबा, त्याने ग्राफिक ड्रायव्हर रीसेट होतो, चित्र आलं तर मामला बहुतेक ड्रायव्हर किंवा कार्डचा. मॉनिटरचं स्वतःचं मेनू बटण दाबूनही काही दिसत नसेल तर मात्र मॉनिटर किंवा त्याचा अॅडॅप्टर बघा. आवाज घर्रर्र करत अडकला आणि लाइटही ढिम्म, तर अख्खी मशीन हँग आहे, रॅमपासून कार्डपर्यंत काहीही असू शकतं. आणि पीसी सरळ बंदच पडत असेल किंवा स्वतःहून रीस्टार्ट होत असेल तर आधी एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) आणि तापमान बघा.

मग विंडोजचं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींची नोंदवही, उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टम, आणि स्क्रीन गेली ती वेळ शोधा. डिस्प्ले नावाने ४१०१ नंबर दिसला तर ड्रायव्हरने उत्तर देणं थांबवलं होतं आणि विंडोजने तो परत उभा केला. विंडोज कार्डच्या उत्तराची साधारण २ सेकंद वाट बघतं, नाही आलं की रीसेट. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जमध्ये) जाऊन हा वेळ वाढवायचा उपाय सगळीकडे सांगतात, मला तो अजिबात पटत नाही, दुखणं तसंच राहतं आणि खूण तेवढी पुसली जाते. कर्नल-पॉवर ४१ दिसलं की लोक लगेच एसएमपीएसला दोष देतात, पण त्याचा अर्थ इतकाच की मशीन नीट शटडाऊन न होता बंद पडली, का पडली ते त्यात नसतं. व्हिया-लॉगर (WHEA-Logger, हार्डवेअरच्या चुकांची नोंद) दिसलं तर हार्डवेअरकडे बघा.

आता केबल. सगळ्यात स्वस्त वस्तू आणि सगळ्यात शेवटी बदलली जाते. फॅनचं किंवा ट्यूबचं बटण दाबल्यावर, फ्रीज सुरू झाल्यावर, अगदी गॅसवाल्या खुर्चीवरून उठल्यावर क्षणभर स्क्रीन जात असेल तर कार्डाकडे बघूसुद्धा नका. हलक्या केबलचं शिल्डिंग कमी असतं, तो झटका सिग्नलमध्ये घुसतो. चांगली, आखूड केबल लावून बघा, कार्डाचं दुसरं पोर्ट बघा, आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून त्या बोर्डाचं अर्थिंग तपासून घ्या, जुन्या बिल्डिंगमध्ये तर नक्कीच.

मुंबईत आणखी दोन गोष्टींचा त्रास, दमट खारी हवा आणि धूळ. समोर रिडेव्हलपमेंटचं काम चालू असेल तर खिडकीजवळच्या कॅबिनेटमध्ये सिमेंटची बारीक पूड जाऊन बसते, हीटसिंकच्या (कार्डाची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये करडा थर धरतो आणि मे महिन्यात कार्ड तापतं. एचडब्ल्यूइन्फो (HWiNFO, तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर) टाका, लॉगिंग चालू करा, गेम खेळा, आणि स्क्रीन गेली त्या क्षणीचं तापमान वाचा. साफ करायचं तर पीसी बंद करून प्लग काढा, ब्लोअर मारताना फॅनची पाती बोटाने धरून ठेवा, नाहीतर फॅन गरागरा फिरून खराब होतो. मग कार्ड आणि रॅम काढून सोनेरी पिनांवरून मऊ खोडरबर हलकेच फिरवा, कण झटकून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, पूर्ण वाळू द्या आणि कट असा आवाज येईपर्यंत घट्ट बसवा. पावसाळ्यात सुरू झालेली कटकट नुसत्या एवढ्यानेही जाते.

स्क्रीन फक्त गेममध्येच जातेय? एसएमपीएसची वायर बघा. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅट देतो, ८ पिनचा कनेक्टर १५०, आणि कार्डला दोन ८ पिन लागत असतील तर दोन वेगळ्या वायरी ओढा, एकाच वायरची दोन टोकं लावू नका. कंपनीकडून ओव्हरक्लॉक होऊन, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त वेगावर लावून आलेलं कार्ड असेल तर क्लॉक, म्हणजे हा वेग, थोडा खाली आणून बघा, क्रॅश थांबले तर कार्ड किंवा पॉवर, दोघांपैकी एक.

ड्रायव्हरसाठी डीडीयू (डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर हे सॉफ्टवेअर) घ्या, सेफ मोडमध्ये जुना पूर्ण काढा, त्या वेळी नेट बंद ठेवा नाहीतर विंडोज स्वतःच कुठलातरी टाकून मोकळं होतं. नवीनच टाका असं नाही, अपडेटनंतर त्रास सुरू झाला असेल तर आधीचं व्हर्जन टाका. रॅमसाठी बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅम जास्त वेगाने चालवायची सेटिंग, बंद करून काही दिवस वापरा आणि रात्रभर मेमटेस्ट८६ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर लावा, एक जरी एरर आला तरी ती रॅम संशयित.

हे सगळं एकदम करू नका, एका वेळी एकच बदल, आणि वहीत तारीख घालून लिहा, नाहीतर बरं कशाने झालं ते कळतच नाही.

शेवटची परीक्षा म्हणजे कार्ड काढून मदरबोर्डच्या पोर्टवर मॉनिटर लावणे. इंटेल प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी एफ असेल तर त्यात ग्राफिक नसतं, तिथे हे चालणार नाही, मित्राचं कार्ड मागा. कार्डाशिवाय सगळं सुरळीत असेल तर कार्ड घेऊन ग्रँट रोडला उतरा, लॅमिंग्टन रोडवरच्या कॉम्प्युटर बाजारात जा, आणि दुकानदाराला सांगा की दुसऱ्या एसएमपीएसवर, माझ्यासमोर, अर्धा तास लोड देऊन दाखवा. तिथेही स्क्रीन गेली तर वॉरंटीचं बिल बाहेर काढा, तिथे नीट चाललं तर नवीन एसएमपीएसचा भाव विचारा.