वकील नीट लढला नाही म्हणून अपील करताय? आधी ही तयारी करा

तुरुंगवासाची शिक्षा झाली की निकालाची प्रत आरोपीला लगेच आणि फुकट मिळते. ती हातात येताच मुदत मोजा. सत्र न्यायालयाने शिक्षा दिली असेल तर उच्च न्यायालयात 60 दिवस (फाशी असेल तर 30), दंडाधिकाऱ्यांनी दिली असेल तर सत्र न्यायालयात 30. नकला मिळवण्यात गेलेले दिवस वजा होऊ शकतात, म्हणून नक्कल अर्जाची पावती जपा. मुदत टळलीच तर विलंबमाफीचा अर्ज जोडता येतो.

मग रोजनाम्याची (कोर्टात प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या नोंदीची) नक्कल. माझ्या मते यादीत सगळ्यात मोलाची गोष्ट हीच, कारण वकील कुठल्या तारखेला गैरहजर होता, कुठल्या साक्षीदाराला ‘नो क्रॉस’ पडलं (म्हणजे उलटतपासणीच झाली नाही), हे कोर्टाच्याच कागदावर दिसतं. सोबत साक्षी आणि पोलिसांपुढचे जबाब घेऊन बसा. साक्षीदार आधी काय म्हणाला, कोर्टात काय म्हणाला, आणि तो फरक उलटतपासणीत विचारला गेला का, एवढंच प्रत्येकाच्या नावापुढे लिहा. नुसतं ‘वकील कच्चा होता’ म्हणून काही मिळत नाही. केवळ वकील बदलला म्हणून साक्षीदार पुन्हा बोलावता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलंय.

उलट उदाहरण मध्य प्रदेशातल्या खंडव्याचं. 2013 मध्ये तिथे विधी सेवेचा (आरोपीला मोफत मिळणारा) वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित झाले आणि पंधरवड्यात फाशी सुनावली गेली. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात विधी सेवेचा वकील किमान 10 वर्षं वकिली केलेला हवा आणि त्याला तयारीला साधारण किमान 7 दिवस मिळावेत, असंही म्हटलं. पण सुटका लगेच नाही झाली, खटला नव्याने चालवायला पाठवला. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा.

जुन्या वकिलाकडून फाइल मागून घ्या, लेखी मागा. फी थकली म्हणून त्याला ती अडवून ठेवता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाचा 2000 सालचा तसा निकाल आहे. त्याला पाठवलेले मेसेज, त्याला सांगितलेल्या बचावाच्या साक्षीदारांची नावं, सगळं तारखेनिशी काढा. तुरुंगात भेटायला जाल तेव्हा वकील खटल्याआधी किती वेळा भेटला होता, ते विचारा.

पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण गाठा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्नाची अट नाही. कारागृह अधीक्षकांमार्फतही अपील पाठवता येतं. अपिलासोबत शिक्षास्थगिती आणि जामिनाचा अर्ज हवाच. बार कौन्सिलकडची (वकिलांवर कारवाई करणाऱ्या संस्थेकडची) तक्रार सवडीने करा, तिने शिक्षा कमी होत नाही.