खांदा मागच्या बाजूला निखळतो तेव्हा

ऑर्थोपेडिक्सच्या रेसिडेन्सीचं माझं पहिलं वर्ष होतं. फिट येऊन गेलेला एक तरुण रात्री कॅज्युअल्टीत आला. खांदा दुखत होता, हात पोटाशी घट्ट धरलेला. समोरून काढलेला एकच एक्स-रे होता आणि मला तो ठीक वाटला. स्लिंग बांधून, गोळ्या लिहून मी त्याला घरी पाठवलं. दोन आठवड्यांनी तो परत आला. सीनियरांनी एक्स-रे बघायच्या आधी त्याचा कोपर अंगाशी धरला आणि हात बाहेर वळवून पाहिला. तो तसूभरही वळला नाही. पोस्टीरियर डिसलोकेशन, म्हणजे खांदा मागे निखळलेला!

निखळलेल्या शंभर खांद्यांत असे दोन ते चारच, त्यामुळे ते चटकन सुचत नाही. पुढे निखळलेला खांदा दारातूनच ओळखू येतो, हा येत नाही. फिट किंवा विजेचा शॉक अशी हकीकत असेल तर आधी याचाच संशय घ्या. सगळे स्नायू एकदम आवळतात, त्यात हात आत वळवणारे जास्त ताकदवान, म्हणून ह्युमरसचं, म्हणजे दंडाच्या हाडाचं, वरचं डोकं मागे सरकतं. अशा पेशंटचा दुसरा खांदाही तपासाच, कधी दोन्ही निखळलेले असतात.

एपी व्ह्यूमध्ये, म्हणजे समोरून काढलेल्या एक्स-रेत, हे डोकं बल्बसारखं गोल दिसतं, पण ते नजरेतून निसटतं. ॲक्झिलरी व्ह्यू (काखेतून काढलेला एक्स-रे) मागा. दुखण्यामुळे हात बाजूला नेता येत नसेल तर वेल्पो व्ह्यू हा दुसरा एक्स-रे स्लिंगमध्येच निघतो. सीटी केला की डोक्यावर पडलेला खड्डाही मोजता येतो.

खांदा जागेवर बसवताना घाई नको. पेशंट पूर्ण सैल पडला पाहिजे. हात अंगाजवळ, आत वळलेलाच ठेवून ओढायचा आणि मदतनिसाने मागून डोकं पुढे ढकलायचं. ग्लेनॉइडच्या (खांद्याच्या खोबणीच्या) कडेत रुतलेलं डोकं सुटण्याआधी हात जोराने बाहेर वळवला, तर ह्युमरसची मान मोडू शकते.

माझ्या पेशंटचा खड्डा मोठा होता, नुसतं बसवून भागलं नाही. सर्जन मॅकलॉफ्लिन यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या पद्धतीने सबस्कॅप्युलॅरिस या खांद्यापुढच्या स्नायूचा टेंडन (हाडाला जोडणारा दोर) त्या खड्ड्यात बसवला. नंतर हात किंचित बाहेर वळलेला राहील असा ब्रेस दिला. मी बांधलेल्या स्लिंगने तो दोन आठवडे नेमका उलट, आत वळलेला राहिला होता.