नडगीच्या हाडाला बारीक तडा: पळणं बंद असतानाचे तीन महिने

लांब पल्ल्याच्या धावकाला घ्याव्या लागणाऱ्या लांबलचक सुट्ट्यांपैकी नडगीच्या तड्याची ही अगदी नेहमीची. धोका मात्र सुट्टीत फारसा नसतो, परतताना असतो. दम तीन-चार आठवड्यांत परत येतो. हाडाचं काम त्याहून बरंच संथ चालतं. ताण पडलेल्या जागचं जुनं हाड शरीर आधी पोखरून काढतं, त्याला दोन-तीन आठवडे लागतात. मग नवं हाड भरायला सुमारे तीन महिने. म्हणजे दुखणं थांबतं तेव्हा आतला खड्डा अजून भरत असतो. पुढचं सगळं वेळापत्रक या एका गोष्टीवर बेतलेलं आहे.

१. आधी नेमकं काय आहे ते पाहा

नडगीच्या आतल्या कडेवरून बोट दाबत खाली या. वीतभर पट्टा ठसठसत असेल तर बहुधा ‘शिन स्प्लिंट’, म्हणजे नडगीच्या कडेचं ताणाने आलेलं दुखणं, तडा नव्हे. एकाच बोटभर जागी कळ उठत असेल, ती पळताना वाढत जात असेल किंवा रात्री ठणकत असेल, तर तड्याचा संशय धरा आणि अस्थिरोगतज्ज्ञाकडे जा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रेमध्ये बारीक तडा बहुतेक वेळा दिसत नाही, त्यामुळे ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणून पळायला जाऊ नका, एमआरआयबद्दल विचारा.

डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: तडा कुठे आहे? नडगीची मागची-आतली कड त्यातल्या त्यात समजूतदार असते. नडगीची पुढची धार, खुब्याजवळची मांडीच्या हाडाची मान आणि पावलाच्या कमानीतलं नॅव्हिक्युलर हाड हट्टी. तिथे कुबड्या, कधी शस्त्रक्रियाही लागते. तसं असेल तर खालचं वेळापत्रक तुमच्यासाठी नाही.

२. पहिले दोन आठवडे

नियम एकच: चालताना दुखता कामा नये. लंगडत असाल तर पायाला आधार देणारा वैद्यकीय बूट किंवा कुबडी घ्या. दुखऱ्या जागी मालीश नको. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नका. त्या दुखणं झाकतात आणि हाड भरण्यात अडथळा आणू शकतात अशीही शंका आहे.

जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची नोंदणी झाली असेल आणि ऑक्टोबरअखेर तडा निघाला असेल, तर शर्यत आत्ताच सोडा. ‘बघू, जमलं तर’ असं म्हटलं की प्रत्येक निर्णय त्या तारखेकडे ओढला जातो.

३. दम पाण्यात टिकवा

पूर्ण आराम केला तर ऑक्सिजन वापरण्याची कमाल क्षमता तीन आठवड्यांत साधारण ७ टक्के आणि आठ-बारा आठवड्यांत १६ टक्क्यांच्या आसपास घसरते. खोल पाण्यात पळून यातली बरीच घसरण थांबवता येते.

कमरेला तरंगता पट्टा बांधा. पाय तळाला टेकता कामा नयेत. छातीभर पाण्यात वजन कमी होतं, पण धक्का शून्य होत नाही. अंग ताठ, किंचित पुढे झुकलेलं; गुडघा वर आणि मग पाय मागे, सायकल मारल्यासारखं गोल नाही. पाण्यात हृदयाचे ठोके मिनिटाला १०-१५ने कमी दिसतात, म्हणून घड्याळातले रस्त्यावरचे झोन (ठोक्यांवरून ठरवलेले जोराचे टप्पे) विसरा आणि श्वासावर जा.

सुरुवातीला १० वेळा १ मिनिट जोरात, मध्ये ३० सेकंद सैल. दोन आठवड्यांनी ६ वेळा ३ मिनिटं. संथ लयीत तासभर तरंगत राहिलात तर कंटाळा तेवढा पदरात पडेल. पालिकेच्या तलावांवर बॅच बहुधा पाऊण तासाची असते आणि खोल बाजूला सगळ्यांना सोडत नाहीत. जीवरक्षकाशी आधीच बोलून ठेवा. तलाव नसेल तर घरात स्थिर सायकल, पॅडल मारताना नडगी गप्प असेल तरच.

रविवारी पहाटे ५ला ग्रुप लाँग रनला निघतो, ती वेळ सगळ्यात जड जाते. त्याच वेळेला पाण्यातलं किंवा सायकलवरचं मोठं सत्र ठेवा. ग्रुपच्या फोटोंचं नोटिफिकेशन खुशाल बंद करा.

४. पोटरी आणि ताट

डॉक्टरांनी भार टाकायला होकार दिला की टाचा उचलायला लागा: गुडघा सरळ ठेवून ३ वेळा १२, गुडघा वाकवून ३ वेळा १२, एक दिवस आड. वाकवलेल्या गुडघ्याचा प्रकार लोक हमखास गाळतात, आणि पळताना सगळ्यात जास्त भार उचलणारा पोटरीचा खोल स्नायू त्यानेच तयार होतो.

‘पळत नाही, मग खाऊ कशाला’ हा हिशेब इथे उलटा पडतो. कमी जेवणाने तड्यांचा धोका वाढतो. प्रौढाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. १०० ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम असतं, पेलाभर दुधात २४०च्या आसपास. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. पाळी लांबत किंवा चुकत असेल तर ते डॉक्टरांना सांगा. तड्याचं मूळ बऱ्याचदा तिथेच असतं.

५. परतणं

बोटाने दाबून दुखत नाही, ४५ मिनिटं भरभर चालून दुखत नाही, त्या पायावर १० उड्या मारून दुखत नाही आणि डॉक्टरांची संमती आहे: चारही जमल्यावरच सुरुवात. बहुतेकांना हे आठव्या ते बाराव्या आठवड्यात जमतं.

पहिला दिवस: १ मिनिट पळणं, ४ मिनिटं चालणं, असं ६ वेळा. एक दिवस आड. दर दोन-तीन सत्रांनी पळण्यात मिनिट वाढवा, चालण्यात कमी करा. सलग ३० मिनिटं झाल्याशिवाय वेग नाही. पावलं थोडी आखूड आणि मिनिटाला ५-१० टक्के जास्त ठेवलीत तर नडगीवरचा भार कमी होतो. जुन्या जागी पुन्हा हाडाची कळ आली तर त्याच क्षणी थांबा, चालत घरी या, पूर्ण शांत झाल्यावर एक पायरी मागून सुरू करा. दुसऱ्या दिवशीही ती राहिली तर डॉक्टरांकडे.

चूक होते ती पळणं पुन्हा सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. पाण्यात टिकवलेल्या दमामुळे ५ किलोमीटर अगदी हलके वाटतात आणि माणूस थेट १२ला हात घालतो. फुप्फुसं ‘हो’ म्हणतात म्हणून हाडाचंही तेच मत असेल असं नाही.

उतार सगळ्यात शेवटी. उतरताना प्रत्येक पावलाचा धक्का वाढतो. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन डोळ्यांसमोर असेल तर पहिले काही आठवडे यवतेश्वरचा घाट चढून जा आणि खाली गाडीत बसून या.