नगरपालिकेची सभा पहिल्यांदाच कव्हर करताय? मग हे वाचा

डिसेंबर 2025 मध्ये निवडणुका होईपर्यंत आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक नगरपालिकांवर चारेक वर्षं प्रशासक होते. सभागृहाला कुलूप, ठराव प्रशासकाच्या सहीने आणि बातमी प्रेसनोटवरून. त्या काळात या धंद्यात आलेल्या पोरापोरींनी सर्वसाधारण सभा पाहिलेलीच नाही. आता बार्शीहून, अक्कलकोटहून, सांगोल्याहून फोन येतात, "सर, उद्या सभा आहे, काय काय बघू?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकतोय.

बातमीचा इंट्रो कसा असावा, कोट कसा घ्यावा, हे तुम्हाला येतं असं धरून चालतो. अजेंडा हातात नसताना सभेला जायचं नाही, हेही येत असेल. सर्वसाधारण सभेची नोटीस सात दिवस आधी निघते, विशेष सभेची तीन दिवस आधी. म्हणजे अजेंडा आदल्या रात्री कुणाच्यातरी व्हॉट्सअ‍ॅपवरून मिळाला तर तो मुळात आठवडाभर फिरत होता आणि तुमच्यापर्यंत पोहोचला नाही, एवढाच त्याचा अर्थ. आणि हो, दारावर "पत्रकारांना आत परवानगी नाही" असं कुणी म्हणालं तर वाद घालू नका, शांतपणे विचारा की सभा गुप्त घ्यायचं कुणी ठरवलं. 1965 च्या नगरपरिषद अधिनियमाप्रमाणे सभा लोकांसाठी खुली असते. पीठासीन अधिकाऱ्याने एखादा विषय बंद दाराआड घ्यायचं ठरवलं तरच गोष्ट वेगळी.

आता मुख्य खड्डा. यात माझ्याआधीचे पडले, मी पडलो आणि इतकं सांगूनही तुमच्यातले निम्मे पडणार.

अजेंड्यावर विषय असतो: "प्रभाग क्र. 4 मधील अमुक यांच्या घरापासून तमुक यांच्या घरापर्यंत सिमेंट काँक्रीट रस्ता करणेबाबत विचारविनिमय करणे." सूचक उभा राहतो, अनुमोदक मान डोलावतो, दोन-चार जण बाकं वाजवतात, विषय मंजूर. तुम्ही हेडिंग देता, 'अमुक वस्तीचा रस्ता मंजूर'. दुसऱ्या दिवशी त्या कात्रणाचा फ्लेक्स लागतो. पावसाळा येतो, जातो. मग चहाच्या टपरीवर त्या वस्तीतला एखादा मामा भेटतो आणि सगळ्यांसमोर विचारतो, "तुमच्या पेपरात रस्ता झालाय की ओ, आमाला कुटं दिसंना." मला विचारलं होतं. उत्तर नव्हतं.

पुढे ठरावाची नक्कल काढली. त्यात शेवटची ओळ अशी होती: "सदरचे काम निधी उपलब्धतेच्या अधीन राहून करणेस ही सभा सर्वानुमते मान्यता देत आहे." अख्खा ठराव त्या ओळीत होता. सभेत ती कुणी वाचली नव्हती. सभेत ठराव वाचतच नाहीत. विषय वाचतात, 'मंजूर, मंजूर' होतं, आणि मजकूर नंतर दालनात बसून लिहिला जातो. म्हणून पुढच्या सभेतला पहिला विषय, 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे', याला जांभई देऊ नका. तोंडी झालेलं कागदावर कसं उतरलं ते तिथे कळतं. भांडणं झाली तर तिथेच होतात, आणि त्या भांडणांची बातमी बाकीच्या विषयांपेक्षा मोठी असते.

थोडं लांबण लागेल, पण हे नीट घ्या. सभेचा ठराव म्हणजे पालिकेने व्यक्त केलेली इच्छा. त्यानंतर बांधकाम विभागातला अभियंता अंदाजपत्रक करतो. त्या अंदाजपत्रकाला तांत्रिक मान्यता लागते. रक्कम मोठी असेल तर ते पालिकेच्या बाहेर जातं, पाण्याची योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. मग प्रशासकीय मान्यता. काम जिल्हा वार्षिक योजनेतून असेल तर ती फाईल सोलापुरात जिल्हाधिकारी कार्यालयात येते आणि नगरपालिका शाखेत बसते. बसते म्हणजे खरोखर बसते. त्यानंतर निविदा, मग आलेल्या दरांचा तुलनात्मक तक्ता, मग दरमंजुरी, अनामत, करारनामा आणि सगळ्यात शेवटी कार्यारंभ आदेश. आपण ज्याला वर्क ऑर्डर म्हणतो तो. तो कागद निघेपर्यंत रस्त्यावर एक पाटी खडी पडत नाही. काम सुरू झाल्यावरही मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, नोंद झाल्याशिवाय ठेकेदाराचं बिल निघत नाही, आणि बिल अडकलं की रस्ता अर्ध्यात.

यातल्या प्रत्येक टप्प्याला पुढारी 'मंजूर' म्हणतात आणि प्रत्येक टप्प्याला पेढे वाटतात. एकाच रस्त्याचे पेढे तुम्ही तीनदा खाल, आणि तीन वेगवेगळ्या पुढाऱ्यांकडून खाल. खा, त्याला ना नाही. पण बातमीत काम कुठल्या टप्प्यावर आहे ते लिहा. 'सभेची मान्यता, प्रशासकीय मान्यता बाकी' एवढे चार-पाच शब्द. डेस्कवाले कापतील, तुम्ही पुन्हा लिहा.

एक प्रश्न पाठ करून ठेवा: "लेखाशीर्ष कुठलं?" पैसा कोणत्या डोक्याखालून येणार, हे मुख्याधिकाऱ्यांना नाही तर लेखापालांना विचारायचं. कारण पैशाला रंग असतो. पंधराव्या वित्त आयोगाचंच बघा. 2021-22 ते 2025-26 या काळात लहान शहरांना मिळणाऱ्या त्या अनुदानातला 60 टक्के भाग बंधित होता, निम्मा पाण्यासाठी आणि निम्मा स्वच्छता-घनकचऱ्यासाठी. त्यातून कमान बांधता येत नाही, बाकडी घेता येत नाहीत. सभेत कुणी "वित्त आयोगातून चौक सुशोभीकरण" म्हणालं की लगेच विचारायचं, बंधितमधून की अबंधितमधून? सभागृहात क्षणभर शांतता होते. त्या शांततेत मला आजही मजा येते.

बाकी निधींची ओळख हळूहळू होईल. नगरोत्थान, वैशिष्ट्यपूर्ण योजना, वस्ती सुधारणा, जिल्हा नियोजन समिती, आमदार निधी. बहुतेक योजनांत पालिकेला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो आणि तिथेच घोडं अडतं. घरपट्टी-पाणीपट्टीची वसुली किती झाली हा आकडा तुमच्याकडे असलाच पाहिजे. ज्या पालिकेला वीजबिल भरताना घाम फुटतो ती कोट्यवधींच्या योजनेचा हिस्सा कुठून भरणार? फेब्रुवारीत अर्थसंकल्पी सभा होते तेव्हा 'शिलकी अंदाजपत्रक सादर' असं हेडिंग देण्याआधी जमेच्या बाजूला 'शासनाकडून अपेक्षित अनुदान' किती धरलंय ते बघा. शिल्लक तिथून आलेली असते.

आकड्यांना घाबरू नका. मीही कला शाखेचाच. पहिल्या काही सभा डोक्यावरून जातील, सगळ्यांच्या जातात. जो म्हणेल "मला पहिल्याच दिवशी कळलं" तो नगरसेवकाचा भाचा असणार.

आता शिकायचं कुणाकडून? माझं मत कडक आहे, पटलं नाही तर सोडून द्या. ज्येष्ठ पत्रकारांकडून शिष्टाचार शिका, नगरपालिका शिकू नका. बाकावर पाय पसरून "लिही मी सांगतो" म्हणणारा ज्येष्ठ तुम्हाला त्याची बातमी शिकवतो. खरे गुरू दोन: सभा लिपिक आणि नुकताच निवृत्त झालेला लेखा विभागातला माणूस. सभा लिपिकाला कुणी विचारत नाही, त्याचं नाव बातमीत कधी येत नाही, पण कुठला ठराव कुणाच्या आग्रहाने कसा फिरला हे त्याच्या रजिस्टरात असतं. त्याच्याकडे काम नसताना जाऊन बसा. काही मागू नका. मार्चअखेरीला मात्र जाऊ नका, तेव्हा तो सख्ख्या भावालाही ओळखत नाही.

माहिती अधिकाराचा शॉर्टकट बरेच जण सुचवतील. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, दोन रुपये पान, तीस दिवस. कायदा 2005 चा, चांगला आहे, वापरा. पण तोंडी मागून मिळणाऱ्या नकलेसाठी अर्ज टाकला की ऑफिस तुमच्याकडे संशयाने बघायला लागतं, कारण त्याच अर्जांवर ठेकेदारांना गाठून घर चालवणारे काही महाभाग प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्यासोबत चहासुद्धा पिऊ नका. गावात कोण कुणासोबत चहा पितो हे सगळ्यांना माहीत असतं.

उत्सव आणि कार्यक्रमांचं प्रकरण वेगळं, त्यावर डोळा ठेवा. पंढरपूरसारख्या ठिकाणी आषाढी-कार्तिकीची तयारी हे पालिकेचं वर्षभराचं काम, त्याला शासनाचं यात्रा अनुदान असतं आणि हिशेबही मोठा. लहान गावात मात्र जयंती, महोत्सव, कुस्त्यांचा आखाडा, स्पर्धा यांवर आधी खर्च होतो आणि दोन-तीन महिन्यांनी विषय येतो: "झालेल्या खर्चास कार्योत्तर मंजुरी देणे." मंडप, ध्वनिव्यवस्था, एलईडी, चहापान, फेटे, हार. आकडा एकत्रित दिलेला असतो. प्रत्येक बाबीची बिलं मागा, दरपत्रकं किती आली होती ते विचारा. एका गावात मंडपाची तिन्ही दरपत्रकं एकाच हस्ताक्षरात होती, 'मंडप' मधला 'ड' तिन्हीकडे सारखाच वाकडा. त्याची बातमी झाली तेव्हा मला बऱ्याच शिव्या पडल्या. पण नंतरच्या वर्षी निदान हस्ताक्षरं तरी वेगवेगळी आली!

मंडळांची पोरं तुमच्याकडे येतील, "पालिकेकडनं आमच्या कार्यक्रमाला मदत मिळवून द्या की." त्यांना खरं सांगा. रोख पैसे मागितले तर अर्ज फिरत राहतो. टँकर, मुरूम, दिवाबत्ती, साफसफाई मागितली तर बहुतेकदा चार दिवसांत काम होतं. आणि अर्ज आवक-जावकला देऊन पोच घ्यायची, नगरसेवकाच्या खिशात द्यायचा नाही.

विरोधक सभेनंतर जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, 'तीनशे आठ' खाली ठराव स्थगित करा म्हणून. म्हणजे त्याच 1965 च्या अधिनियमाचं कलम 308. निवेदन दिल्याचा फोटो येईल, पण बातमी स्थगिती आली की नाही ही असते. फोटो छापून विसरू नका.

जाहिरातीबद्दल न बोलणं खोटेपणा होईल. तालुका वार्ताहराच्या मानधनात पेट्रोल निघत नाही, कमिशनवर घर चालतं आणि निविदा सूचनांमुळे गावातला सगळ्यात मोठा जाहिरातदार पालिकाच असते. विरोधात बातमी आली की पुढची सूचना दुसऱ्या पेपरला जाते. यावर माझ्याकडे तोडगा नाही. मी एवढंच करतो, जाहिरातीचं बिल मागायला जातो त्या दिवशी बातमीचं काही विचारत नाही, आणि बातमीला जातो त्या दिवशी बिलाचं नाव काढत नाही. घरी बायको म्हणते, याने काय होतं? तिचंही बरोबर असेल.

शहरातले सहकारी याला 'गटारीची बीट' म्हणून हिणवतात. त्यांना सांगा, 1930 साली सोलापूरच्या नगरपालिकेवर तिरंगा फडकला, तोही त्या वेळच्या नगरपालिकेच्या निर्णयामुळेच. आणि गटार तुंबल्यावर शहरातले हेच सहकारी कुणाला फोन लावतात तेही विचारा.

शेवटचं म्हणजे ऐनवेळचे विषय. अजेंड्याच्या तळाला एक ओळ असते, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने येणारे ऐनवेळचे विषय". छापील विषयांवर सगळे बोलतात, आरडाओरडा होतो, सभात्याग होतो, फोटो मिळतात, पत्रकार उठतात. मग टेबलावर एक हाताने लिहिलेला कागद येतो. जागा भाड्याने देणं, मुदतवाढ, जुन्या ठेक्याला वाढीव दर, हे त्या कागदावर असतं. सभा अकराची असेल तर त्याची वेळ दोन-अडीचला येते, म्हणून घरातून भाकरी खाऊनच निघा.